वाळू, वेळू

जुन्या बोर्डावर पांढऱ्याचा हात मारून
ब्रश रॉकेलात बुडवत होतो, तेव्हा रेणू आली
खडेबाजारातल्या माझ्या दुकानात,
चार वर्षं सात महिन्यांनी.
हातात कुंद्याचा पुडा, पायात तिकडची सँडल.
स्टूल ओढून म्हणाली,
मामा, मी समुद्र बघून आलो.

(आमच्याकडं बायकाही 'आलो'च म्हणतात.
तेवढं तरी बदललं नव्हतं.)

सायप्रस कुठं, ते मला ठाऊक
तिनं आईला धाडलेल्या पैशांच्या पावत्यांवरून.
तिथं ती एका म्हातारीचं करायची.
देस्पिना. वय ब्याऐंशी, गुडघे गेलेले,
डोळे शाबूत, तोंड त्याहून शाबूत.
म्हातारीचं माहेर त्याच बेटावर, खरं तारेपलीकडं.
आमचं 'खरं' म्हणजे 'पण'.
बाहेरच्या माणसाला हे एकदा सांगावं लागतं.

एका रविवारी चाकांची खुर्ची, गोळ्यांचा डबा,
दोन उकडलेली अंडी घेऊन
दोघी पलीकडं गेल्या. कागदांवर शिक्के बसले.
कोगनोळीच्या नाक्यासारखं काय गं?
तिथं ट्रक नव्हते मामा. मांजरं होती.

तट एवढा रुंद की वरून बैलगाडी जावी.
समुद्राकडच्या दारावर दगडी सिंह, झिजलेला.
आत उंच चर्च, त्याच्या खांद्यावर एक मिनार,
आता तिथं नमाज होतो.
पुढ्यात उंबराच्या जातीचं झाड,
सातशे वर्षांचं म्हणे.
रेणूनं सवयीनं हात जोडले.
म्हातारी म्हणाली, जोड, त्याला सगळे चालतात.

आणि घर?
मी ब्रश उचलून धरला.

घर नाही दिसलं. गल्ली तारेच्या आत,
हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर.
काठाला हॉटेलांची रांग, माणूस नाही,
खिडक्यांतून आरपार आभाळ.
रेणू रुमाल काढून तयार होती.
म्हातारी म्हणाली, भूक लागली.

मग बाजारात, संत्र्यांच्या गाड्यापाशी,
ती एकदम भांडायलाच लागली भावावरून.
त्यांच्या भाषेत. पलीकडच्यांच्या.
चाळीस वर्षं नि वर जी तोंडात घेतली नव्हती.
बिर, इकी, उच, बोटं मोडत ती मोजत होती
आणि गाडेवाला उगाचच एकेक संत्रं जास्त टाकत होता.

तेव्हा मला आई आठवली मामा, रेणू म्हणाली.
माझी बहीण. मोर्चात पुढं, घोषणेला आवाज खणखणीत,
आणि मेथीची जुडी मागणार ती कन्नडातच,
कारण त्या भाषेत तिला घासाघीस छान जमते.

गावाला नावं तीन.
एक नकाशातलं, एक आता राहतात त्यांचं,
तिसरं म्हातारीचं: त्याचा अर्थ, वाळूत लपलेलं.
मी हसलो. आमचं वेळूचं गाव, वेणुग्राम,
चौथीत मास्तरांनी छडी आपटून शिकवलेलं.
काना पुसायचा, मात्रा द्यायची,
रंगाऱ्याचे दोन फटकारे.
त्याची बाकीची नावं मी रोज काढतो,
एक वर, एक खाली.
किती खाली आणि किती बारीक
ते माझ्या हातात नाही.
हाच बोर्ड घ्या, या पांढऱ्याखाली तीन दुकानं आहेत,
सकाळच्या तिरप्या उन्हात
अक्षरं अजून वर येतात.

बरं, तुझं काय काम काढलंस?
शहापुरात पिठाची गिरण घालतोय. बोर्ड पाहिजे.
वर काय लिहू?
नियमात बसतं ते लिही. खाली एक संत्रं काढ.
गिरणीवर संत्रं? लोक काय म्हणतील?
ती काही बोलली नाही.
पर्स उघडून आगाऊचे पैसे मोजायला लागली,
ओठांतल्या ओठांत,
बिर, इकी, उच...

कोपऱ्यात पॉलिश पेपर घासत बसलेला सिद्राय
मान वर न करता म्हणाला,
नाल्कु.